सोळा यंत्रांची साक्ष



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी ज्यांनी भाषणे केली, त्यांचे विषय तुमच्या-आमच्या ओळखीचे होते. माझा धंदा मात्र संगणकाचे प्रोग्रॅम तपासण्याचा. प्रोग्रॅम तयार झाला, की ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न त्याला घालावयाचा आणि उत्तर जुळते की नाही ते पाहावयाचे, एवढेच माझे काम. शाळेतल्या परीक्षकाचे म्हणा ना! अशा रूक्ष विषयावर तासभर बोलून दहिसरच्या श्रोत्यांचा अंत पाहावा काय, असा मला संकोच होता. परंतु या कामात मला एक गोष्ट शिकावयास मिळाली, आणि ती संगणकाशी ज्याचा काडीचा संबंध नाही त्याच्याही उपयोगाची आहे असे मला वाटते. म्हणून आलो.

आरंभ आपल्या सर्वांच्या आठवणीतल्या एका दिवसाने करतो. 26 जुलै 2005. त्या दिवशी मुंबईत किती पाऊस पडला, असे कोणी विचारले तर तुम्ही म्हणाल, 944 मिलिमीटर. बरोबर आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत तेवढा मोजला. पण त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत मोजलेला पाऊस 75 मिलिमीटरसुद्धा नव्हता. शहर एक, दिवस एक, आणि दोन आकड्यांत बारापटींहून अधिक अंतर! मग यातली कोणती वेधशाळा खोटी? कोणतीच नाही. तो मेघ उपनगरांवर कोसळला, दक्षिण मुंबईवर कोसळला नाही. दोघींना विचारलेला प्रश्न वरवर एक दिसला, तरी तो एक नव्हता. तेव्हा दोन साक्षी जुळत नाहीत असे दिसले, की ‘यातला खोटा कोण?’ हा पहिला प्रश्न असूच नये. ‘दोघांना आपण एकच गोष्ट विचारली काय?’ हा पहिला प्रश्न.

आता यंत्रांकडे येऊ. मोठे गणित एकट्या संगणकाला पेलत नाही, म्हणून पुष्कळ संगणक तारांनी जोडून त्यांच्यात काम वाटून देतात. या जथ्याला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या एकेका संगणकाला नोड. हे काही परदेशातलेच नवल नाही. 1988 साली सी-डॅक ही संस्था पुण्यात स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये तिने ‘परम 8000’ हा महासंगणक उभा केला, तो याच तत्त्वावर. एका राक्षसी यंत्राऐवजी अनेक लहान यंत्रांनी मिळून ओझे उचलावयाचे. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेत 2018 साली ‘प्रत्युष’ आला. त्याची शक्ती सेकंदाला चार हजार लाख कोटी आकडेमोडींची होती. 2024 मध्ये त्याच संस्थेत त्याहून बलाढ्य असा ‘अर्क’ आला. उद्या पाऊस किती पडेल याचा अंदाज आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो, त्याच्या मागे असल्या जथ्यांची रात्रभराची मेहनत असते.

एक मुकादम आणि हजार मजूर असे हे चित्र आहे. हजार मजुरांतला एखादा कामचुकार निघाला तर मुकादमाला दिसतो. यंत्र कामचुकार निघाले तर ते दिसत नाही. तेही त्याच गतीने, त्याच गंभीरपणाने उत्तर देते.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी नोकरीस होतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. नाल्यातल्या पाण्याची पातळी किती चढेल, हे पावसाच्या आकड्यांवरून काढणारा एक प्रोग्रॅम आमच्याकडे चालू होता. आमच्याजवळ सोळा नोडचा एक लहानसा जथा होता. रोज रात्री सोळाही यंत्रांवर आमच्या चाचण्या चालत. एके दिवशी सकाळी येऊन पाहतो, तो एक चाचणी चौदा यंत्रांवर उत्तीर्ण आणि दोन यंत्रांवर अनुत्तीर्ण! प्रश्न बनवलेलाच होता: अमुक पाऊस अमुक वेळ पडला, नाल्याची भिंत तीन मीटर उंच, तर धोक्याचा इशारा द्यावयाचा की नाही? चौदा यंत्रे म्हणाली, इशारा नको. दोन म्हणाली, द्या.

काम चार दिवसांत हातावेगळे करावयाचे होते. मी काय केले असेल? लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, ‘चौदा विरुद्ध दोन! ती दोन यंत्रे बिघडली आहेत, त्यांची नावे यादीतून काढून टाका.’

आमच्या गटात नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी होती. ती भीत भीत म्हणाली, ‘सर, यंत्र बिघडले असेल तर ते वेडेवाकडे बोलेल ना? ही दोन्ही यंत्रे अगदी एकसारखी कशी चुकतील?’

खरे सांगतो, त्या क्षणी मला तिचा राग आला. पण प्रश्नाला उत्तर नव्हते. म्हणून आम्ही चौकशीला बसलो. ती कशी केली हे मी क्रमाने सांगतो, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

पहिले काम म्हणजे तीच चाचणी त्याच यंत्रावर पुनःपुन्हा चालवून पाहणे. सोळाही यंत्रांवर आम्ही ती शंभर शंभर वेळा चालवली. चौदा यंत्रांनी शंभरही वेळा एक उत्तर दिले आणि दोघांनी शंभरही वेळा दुसरे. हे फार महत्त्वाचे आहे. रोग स्थिर आहे की येतो-जातो, हे वैद्य आधी विचारतो तसे.

येत-जात असता, तर वाट निराळी असती. गणेशोत्सवाच्या वर्गणीची एकच वही आहे आणि दोन कार्यकर्ते ती चालवतात असे समजा. वहीत बेरीज 500. एकाने 100 आणले, दुसऱ्याने 200. दोघांनीही एकाच वेळी वही पाहून 500 हा आकडा मनात धरला. एकाने 600 लिहिले, मग दुसऱ्याने ते खोडून 700 लिहिले. खरी बेरीज 800. मागेपुढे आले असते तर हिशेब बरोबर आला असता. गाठ पडली म्हणून चुकला. संगणकाच्या आत एकाच वेळी काम करणाऱ्या प्रवाहांत नेमके असेच होते. अशी चूक दहादा चालवल्यास एकदा दिसते, नि पाहावयास जावे तर पळून जाते.

आणि येथेच एक वाईट खोड पुष्कळांना लागलेली असते. चाचणी नापास झाली? पुन्हा चालवा! तीन वेळांत एकदा जरी उत्तीर्ण झाली तरी ‘ठीक’ असा शेरा मारा! या शेऱ्याची किंमत किती ते साध्या गणिताने पाहा. दहांतून एकदा होणारी चूक लागोपाठ तीनदा होण्याचा संभव हजारांत एक. म्हणजे या नियमाने आपल्या कानावर तक्रार येणार हजारांतून एकदा. चूक मात्र पूर्वीसारखीच दहांतून एकदा होत राहणार. आपण रोग बरा केला नाही, रोग्याचे तोंड बांधले. उलट, अशी चूक खरोखरच गेली अशी शंभरांतली नव्याण्णव हिश्श्यांची खात्री हवी असेल, तर चाचणी लागोपाठ चव्वेचाळीस वेळा निर्दोष चालली पाहिजे. तीन नव्हे, चव्वेचाळीस!

आमचा रोग स्थिर होता. म्हणून दुसरे काम हाती घेतले: सोळा यंत्रे खरोखर सारखी आहेत काय? कागदोपत्री सारखीच होती. एकाच वेळी घेतलेली, एकाच खोलीत ठेवलेली. पण कागदावर विश्वासावयाचे नाही असे आम्ही ठरवले. प्रत्येक यंत्रावरच्या प्रोग्रॅमचा आणि त्याच्या साहाय्यक फायलींचा ठसा काढला. असा ठसा गणिताने काढता येतो, आणि फाईलमधले एक अक्षर बदलले तरी तो पार बदलतो. सगळे ठसे जुळले. घड्याळे पाहिली, ती जुळली. भाषेच्या आणि क्रमाच्या आज्ञा पाहिल्या, त्याही जुळल्या.

या शेवटच्या गोष्टीला हसू नका. मराठी नावांची यादी दोन यंत्रांना अक्षरक्रमाने लावावयास सांगा. एकाला मराठी वर्णमालेचा क्रम सांगितलेला असेल आणि दुसरे अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांनी चालत असेल, तर दोन याद्या निघतील. आपण शाळेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर शिकलो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ अगदी शेवटी. सांकेतिक क्रमांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठीला लागून येतो, आणि ‘क्ष’ तर ‘क’च्या घरात जाऊन बसतो. दोन्ही याद्या आपापल्या नियमाने शुद्ध. पण क्षीरसागरांचे नाव एकीत वर, एकीत तळाला!

तिसरे काम यंत्राच्या आत डोकावण्याचे. तेथे मात्र सापडले. ती दोन यंत्रे वर्षभरापूर्वी दुरुस्तीला गेली होती, आणि परत आली ती नव्या पिढीचा प्रोसेसर घेऊन. वरचे नाव तेच, पेटी तीच, आतला मेंदू बदललेला. आता प्रश्न असा, की बेरीज-गुणाकार तर शाश्वत आहेत. मेंदू बदलला म्हणून उत्तर का बदलावे?

याचे उत्तर वाण्याच्या दुकानात आहे. एक वाणी पैसे ठेवत नाही, प्रत्येक पायरीला जवळच्या रुपयाला पूर्ण करतो. 100 रुपयांत 40 पैसे मिळवले, की झाले 100. आणखी 40 पैसे मिळवले, तरी 100. आता आधी पैसे एकत्र करा: 40 आणि 40 म्हणजे 80 पैसे, म्हणजे एक रुपया. बेरीज 101. आकडे तेच, क्रम बदलला आणि उत्तर बदलले! संगणक हा असाच वाणी आहे, फक्त तो रुपयाला नव्हे तर सोळाव्या-सतराव्या अंकाच्या सुमारास पूर्ण करतो. काम आठ नोडांत वाटले किंवा सोळांत वाटले, तर बेरजेचा क्रम बदलतो आणि शेवटचा अंक हलू शकतो.

आणखी एक प्रकार पाहा. साडेदहा रुपये मीटरचे अडीच मीटर कापड म्हणजे 26 रुपये 25 पैसे, आणि वर 40 पैशांचा दोरा. गुणाकारानंतर एकदा आणि बेरजेनंतर पुन्हा, असे दोनदा पूर्ण केले तर 26 रुपये. शेवटी एकदाच पूर्ण केले तर 27. जुने प्रोसेसर पहिल्या रीतीने चालत. नव्या प्रोसेसरांना गुणाकार आणि बेरीज एकाच झटक्यात करून एकदाच पूर्ण करण्याची सोय असते, आणि गणिताची तयार साधने प्रोसेसर पाहून आपली रीत निवडतात. 1985 साली विल्यम कहान प्रभृतींच्या परिश्रमाने संगणकाच्या आकडेमोडीचे एक आंतरराष्ट्रीय मानक ठरले, आणि त्याने पूर्वीचा बराच गोंधळ मिटवला. एकेक बेरीज कशी पूर्ण करावी हे ते मानक सांगते. बेरजा कोणत्या क्रमाने कराव्यात हे सांगणे आपल्याकडे राहते.

‘सोळाव्या अंकाचे एवढे काय?’ असे कोणी म्हणेल. 1961 साली अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने आपले एक गणित मध्यापासून पुन्हा चालवले. यंत्राच्या पोटात आकडा होता 0.506127. कागदावर छापलेला होता 0.506, आणि त्याने तोच भरला. थोडा वेळ दोन्ही हवामाने जोडीने चालली आणि मग त्यांची अशी फारकत झाली, की ती एकाच आरंभापासून निघाली होती हेही ओळखू येईना. हवामानाच्या गणितात लहान अंक कायम लहान राहील असा भरवसा नसतो.

आमचा अंक कोठे वाढला ते शोधणे हे चौथे काम. गणितात सुमारे हजार पायऱ्या होत्या. हजारही तपासण्याचे कारण नाही. मधल्या पायरीवर दोन्ही यंत्रांचे आकडे ताडून पाहा. जुळले, तर भेद पुढे आहे. न जुळले, तर मागे. उरलेल्यांची पुन्हा मधली पायरी घ्या. असे दहा वेळा केले, की हजारांतली नेमकी पायरी हाती येते. आम्हाला ती मिळाली. तेथे शेवटचा अंक एका घराने हलला होता, आणि नवल असे, की तो पुढे वाढलाही नव्हता! अखेरपर्यंत चौदा यंत्रे म्हणत होती, पाणी 2.9999999999999996 मीटर. दोन म्हणत होती, 3 मीटर. आणि प्रोग्रॅमला आज्ञा होती: पाणी तीन मीटर किंवा अधिक असेल तर इशारा दे.

श्रोतेहो, त्या दोन आकड्यांतले अंतर अणूच्या गर्भाहूनही सूक्ष्म आहे. नाल्याची पट्टी सेंटिमीटरने मोजते. भिंत बांधणाऱ्या गवंड्याचा हात तर त्याहूनही ढिला. आणि वस्तीला जागे करावयाचे की झोपू द्यावयाचे, याचा निर्णय आम्ही त्या सूक्ष्म अंतरावर टांगून ठेवला होता! दोष दोन यंत्रांत नव्हता. तो आमच्या आज्ञेत होता, आणि सोळाही यंत्रांत होता. चौदा यंत्रांनी तो झाकला होता, दोघांनी उघडा केला. मी ती दोन नावे यादीतून काढली असती, तर दोष जागच्या जागी राहिला असता आणि तो दाखवणारे साक्षीदार तेवढे गेले असते.

मग आम्ही आज्ञा बदलली. पाणी भिंतीच्या काठाला येण्याच्या पुष्कळ आधी इशारा द्यावयाचा, आणि काठाजवळच्या पातळीला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे न म्हणता ‘सीमेवर’ असे स्वच्छ लिहावयाचे. उत्तरांत किती फरक चालेल हे कारणासह आधीच लिहून ठेवावयाचे. चाचणी नापास झाली म्हणून मागाहून ती मर्यादा सैल करावयाची नाही. आणि प्रत्येक उत्तराजवळ ते कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रोसेसरवर, कोणत्या साधनांनी काढले याची नोंद ठेवावयाची.

यावरून कोणी असे समजू नये, की यंत्र कधी बिघडतच नाही. फेसबुक कंपनीच्या अभियंत्यांनी 2021 साली एक प्रकार प्रसिद्ध केला. त्यांच्या असंख्य यंत्रांत काही फायली नाहीशा होत. शोधता शोधता एका प्रोसेसरचा एकच कोपरा सापडला. 1.1 चा 53 वा घात केला तर पूर्णांकात उत्तर 156 यावयास हवे. तो कोपरा म्हणे, शून्य! आणि 52 वा घात मात्र अचूक, 142. म्हणजे बाकी सर्व शहाणपण शाबूत, एका प्रश्नापुरते वेड. फाईलचा आकार शून्य आला, की पुढच्या प्रोग्रॅमला वाटे, येथे काही नाहीच. कोठेही धोक्याची घंटा वाजली नाही. येथे बहुसंख्य यंत्रे खरी होती आणि एकटे यंत्र खोटे होते. आमच्या गोष्टीच्या अगदी उलट! पण हे कळले कशाने? मते मोजून नव्हे. त्यांनीही तोच मार्ग धरला: यंत्र वेगळे काढले, प्रश्न लहान लहान करीत नेला, आणि फारकतीची नेमकी जागा गाठली.

मला सांगावयाचे ते एवढेच आहे. साक्षी जुळत नाहीत तेव्हा दोन मोह होतात. एक, बहुमत घेऊन मोकळे होण्याचा. दुसरा, मनाजोगे उत्तर येईपर्यंत पुनःपुन्हा विचारण्याचा. कारभार चालवावयास बहुमत लागते, पण नाल्यातले पाणी किती चढेल हे बहुमताने ठरत नाही.

हे तुमच्याही घरात उपयोगी पडेल. रक्ततपासणीचे दोन ठिकाणचे दोन आकडे जुळले नाहीत, तर यातली कोणती प्रयोगशाळा लबाड असे विचारण्यापूर्वी पाहा: नमुना एकाच वेळचा होता काय? एक उपाशीपोटी आणि एक जेवणानंतर तर नव्हे? मोजण्याची रीत एकच होती काय? फरक चालण्याजोगा आहे काय? आणि एवढे पाहूनही उलगडा झाला नाही, तर सोईचा कागद ठेवून गैरसोईचा फाडू नका. दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.

आपल्या दहिसरची नदी राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशीच्या बाजूने उतरते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. तिचा मार्ग फार लांबचा नाही, म्हणून डोंगरात पडलेल्या पावसाला आपल्या दाराशी यावयास वेळही फार लागत नाही. तिच्या काठी राहणाऱ्या माणसाला एखाद्या रात्री इशारा मिळेल किंवा मिळणार नाही. त्याने सोळा यंत्रे पाहिलेली नसतात, आणि पाहण्याची गरजही नाही. पण कोठेतरी एका खोलीत कोणी सकाळी येऊन दोन नापास शेरे पाहतो, आणि त्या वेळी तो काय करतो, यावर त्या माणसाची झोप अवलंबून असते. त्या दिवशी मी चुकत होतो. भीत भीत प्रश्न विचारणारी एक मुलगी तेथे होती, म्हणून चूक टळली. आपापल्या कचेरीत, शाळेत, घरात असे विचारणारे कोणी असेल, तर त्याला गप्प बसवू नका, एवढी विनंती करतो.